जीपीयूवर स्टँडर्ड लायब्ररी चालते, म्हणजे नेमके काय चालते?

माझी भाची पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाच्या गटात फिरणारा एक संदेश तिने मला पाठवला आणि त्याच आठवड्यात तोच संदेश दोन जुन्या सहकाऱ्यांकडूनही आला. त्याचा आशय असा : सी प्लस प्लसची स्टँडर्ड लायब्ररी (भाषेसोबत मिळणारा तयार फंक्शनांचा संच) आता जीपीयूवर (हजारो गणिते एकाच वेळी करणाऱ्या प्रोसेसरवर) पूर्णपणे चालते, त्यामुळे कोणताही जुना प्रोग्राम एक अक्षरही न बदलता हजारपट वेगाने धावेल, फाइल उघडायलासुद्धा सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) लागणार नाही आणि कूडा (एनव्हिडिया कंपनीच्या जीपीयूंसाठी प्रोग्राम लिहिण्याची पद्धत) शिकणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. हे वाचून भाची समांतर अल्गोरिदमांवरचा आपला प्रकल्प सोडायला निघाली होती, म्हणून हे सविस्तर उत्तर.

फाइलींविषयीचे विधान सर्वांत चुकीचे आहे, तेव्हा आधी तेच घेतो. जीपीयूवर चालणाऱ्या कोडमधून एफओपन (फाइल उघडणारे) किंवा प्रिंटएफ (मजकूर छापणारे) ही फंक्शने बोलावता येतात, हे खरे. एलएलव्हीएम या मुक्तस्रोत कंपायलर प्रकल्पाच्या सी लायब्ररीत तशी सोय आहे. परंतु त्याच लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत जीपीयूवर उपलब्ध असलेल्या फंक्शनांचे तक्ते दिले आहेत आणि त्यांत प्रत्येक फंक्शनासाठी आरपीसी, म्हणजे सीपीयूची मदत, लागते की नाही, हे सांगणारा एक स्वतंत्र रकाना आहे. मजकुराची लांबी मोजणे, मेमरीतील बाइट एका जागेवरून दुसरीकडे नेणे अशा कामांना ती लागत नाही. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, पडद्यावर छापणे यांना ती लागते. संदेश लिहिणाऱ्याने एवढा एक रकाना पाहिला असता, तरी हे वाक्य त्याच्या हातून लिहिले गेले नसते.

आरपीसी म्हणजे येथे सीपीयूकडे केलेली मागणी. जीपीयूच्या थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांपैकी एकाला) ऑपरेटिंग सिस्टिमला थेट हाक मारता येत नाही. म्हणून तो दोघांनाही दिसणाऱ्या मेमरीत ‘अमुक फाइल उघड’ अशी नोंद करतो आणि खूण बदलून थांबतो. सीपीयूवरचा एक थ्रेड त्या खुणेवर सतत नजर ठेवून असतो. तो नोंद वाचतो, फाइल स्वतः उघडतो आणि उत्तर त्याच जागी ठेवतो. सीपीयूवरचा हा थ्रेड नसेल, तर जीपीयूवरचा थ्रेड उत्तराची वाट पाहत तसाच अडकून राहील. एनव्हिडियाच्या जीपीयूडायरेक्ट स्टोरेजमध्ये डेटा सीपीयूच्या मेमरीला वळसा घालून थेट जीपीयूच्या मेमरीत पोहोचतो, पण तेथेही फाइल उघडणारा आणि वाचनाची आज्ञा देणारा सीपीयूच असतो.

या गैरसमजाची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागते. कूडाच्या स्वतःच्या प्रिंटएफचेच पाहा : त्याचा मजकूर आधी ठरावीक आकाराच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्याच्या जागेत) साठतो, मूळ मांडणीत हा बफर सुमारे १ एमबीचा असतो आणि तो भरला की जुन्या ओळींवर नव्या ओळी लिहिल्या जातात. हे ठाऊक नसलेली मुलगी लाखभर थ्रेडांतून एकेक ओळ छापते, बऱ्याच ओळी गायब झालेल्या पाहते आणि आपल्या गणितात चूक शोधत रात्र घालवते.

आता वेगाचे. येथे अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. एनव्हिडियाचा सी प्लस प्लस कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) २०२० पासून, योग्य पर्याय दिल्यास, सी प्लस प्लस १७ मधील सॉर्ट, ट्रान्सफॉर्म, रिड्यूस यांसारखी समांतर अल्गोरिदमे जीपीयूवर नेतो, आणि हे काम खरोखरच उत्तम झाले आहे. मात्र त्यासाठी अल्गोरिदमला समांतर अंमलाचे धोरण लिहून द्यावे लागते. ते देणे म्हणजे अल्गोरिदमच्या एकाच वेळी चालणाऱ्या फेऱ्या एकमेकींच्या डेटात ढवळाढवळ करत नाहीत, अशी हमी प्रोग्राम लिहिणाऱ्याने देणे होय. ती हमी खोटी निघाली, तर उत्तर चुकते आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. असे धोरण नसलेला साधा फॉर लूप सीपीयूवरच राहतो.

हजारपटीचा आकडा तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, प्रोग्रामचा दहा टक्के वेळ क्रमाने चालणाऱ्या भागात जात असेल, तर उरलेला भाग शून्य वेळात झाला तरी एकूण वेग दहापटीपलीकडे जात नाही. त्यात डेटाच्या ने-आणीची भर पडते. एनव्हिडियाच्या ४० जीबीच्या ए१०० जीपीयूची स्वतःची मेमरी सेकंदाला १,५५५ जीबी पुरवते, तर सीपीयूशी जोडणाऱ्या सोळा पदरी पीसीआय एक्स्प्रेस ४.० मार्गाची क्षमता एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबी आहे. दर पावलाला डेटा ये-जा करणारा प्रोग्राम जीपीयूवर मूळच्यापेक्षाही मंद होऊ शकतो.

‘पूर्णपणे’ या शब्दाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कूडाच्या जीपीयू कोडमध्ये एक्सेप्शन (चूक घडल्याची सूचना) फेकता येत नाही, आणि सीपीयूवर रुळलेली स्टँडर्ड लायब्ररीतील थ्रेड व म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) तेथे जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

कूडा शिकण्याची गरज संपली का? ज्याला फक्त मोठी यादी क्रमाने लावायची किंवा बेरीज करायची आहे, त्याला ती आज खरोखर नाही. पण एकाच वॉर्पमधील (एकत्र पावले टाकणाऱ्या गटातील) बत्तीस थ्रेड दोन वाटांनी गेले की वेग का घटतो, किंवा २०१७ च्या व्होल्टा पिढीपूर्वीच्या एनव्हिडिया जीपीयूंवर एकाच वॉर्पमधील थ्रेड साध्या कुलपापाशी कायमचे का अडकू शकत, हे लायब्ररीच्या फंक्शनांच्या नावांवरून कळत नाही. भाचीच्या प्रकल्पाचा विषय नेमका हाच आहे. तिला तो सोडू नकोस असे सांगितले आहे आणि सोबत आरपीसीच्या रकान्याचे तक्तेही पाठवले आहेत.