मन मोकळं न करण्याची सोलापुरी रीत

हल्ली कुणीही भेटलं की सांगतं, आतलं बाहेर येऊ द्या. ऐकू नका. ज्या गावात नळालाच रोज पाणी नाही, तिथं डोळ्यांना कशाला?

नव्या पेठेत कुणी विचारलं, "काय बे, कसं चालूलालंय?" की "निवांत बे" एवढंच म्हणायचं. लूम भंगारात गेले तरी निवांत. विचारणाऱ्याचेही गेलेत, तोही निवांतच आहे. मग दोघांनी चहा घेत महापालिकेला शिव्या घालाव्यात. शिव्यांना मनाई नाही, त्यात बरंच काही खपून जातं. शिवाय घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी. एका भाषेत गळा दाटला की चटकन दुसरीत शिरावं.

मोकळं व्हायची फारच हौस असेल तर मोबाइलवर व्हा. केस विंचरून, उजेड बघून "आज मी खचलोय" असं रील टाका. अनोळखी माणसं बदाम पाठवतील. आईनं "चेहरा का उतरलाय रे?" विचारलं, तर मात्र "कुठं काय?" म्हणा.

खरी परीक्षा स्टेशनवर. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला निघते, आणि त्यात नोकरीला निघालेली तुमची मुलगी असते. "तुझ्याशिवाय घर खायला उठेल" असलं काही बोलू नये. बॅगेची चेन ओढून बघावी. शेंगा चटणीचा डबा घट्ट लागलाय का, कडक भाकरी चुरणार नाहीत ना, पाण्याची बाटली कुठाय, हे तीन-तीनदा विचारावं. खिडकीला हात लावायचाच असेल तर काच पुसल्यासारखा लावावा. गाडीचं नाव तरी आठवा. १२ जानेवारी १९३१ ला गावचे चौघे येरवड्यात फासावर गेले, आणि तुम्ही चेअर कारसमोर मुसमुसणार?

तरीही डोळ्यांत काही आलंच, तर एप्रिल-मेमध्ये ऊन बाधलं म्हणावं. पारा चाळिशीच्या वर असतो, कुणी वाद घालत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची धूळ आहेच. पावसाळ्यात जरा अडचण होते, त्या दिवसांत शक्यतो मुलीला पाठवूच नये.

रात्री तिचा फोन येईल. "पप्पा, करमेना." फोन लगेच आईकडे द्यावा. आईही सोलापूरचीच, ती "जेवलीस का?" विचारून परत तुमच्याच हातात देईल. तेव्हा रेंज नाही म्हणावं.