‘व्हिसावर सीआर-१ छापलंय, मग थांबायचं कशाला?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत. म्हणून तिथेच चार ओळी खरडण्यापेक्षा हे वेगळं लिहितो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला इमिग्रंट व्हिसा मिळाला आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस तोंडावर आला असेल, तर तो उलटल्यावरच विमानात बसा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप. पहिला, व्हिसावर ‘सीआर-१’ (जोडीदाराचा सशर्त वर्ग) छापून आलंय म्हणजे ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळणार, थांबून काय बदलणार? दुसरा, आजच्या हवेत हाती आलेला व्हिसा कपाटात ठेवून बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तिसरा, थांबल्याने पुढे वाचणाऱ्या फीबद्दल: ‘सातशे डॉलर वाचवायला बाईने आणखी तीन महिने ताटकळायचं, हा नवऱ्यांच्या सोयीचा सल्ला आहे, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.’

पहिल्या आक्षेपात तुमचं चुकतंय. दुसऱ्यात बरंच तथ्य आहे. तिसऱ्याबद्दल मला नेमकं उलटं वाटतं.

सीआर (सशर्त) आणि आयआर (बिनशर्त) ही अक्षरं वकिलातीने व्हिसा छापला त्या दिवसापुरती खरी असतात. कायदा बघतो तो दिवस वेगळा: तुम्ही अमेरिकेच्या इमिग्रेशन काउंटरवर उभ्या राहता आणि अधिकारी तुम्हाला कायम रहिवासी म्हणून आत घेतो, तो. त्या दिवशी लग्नाला २४ महिन्यांपेक्षा कमी झाले असतील तर दर्जा सशर्त, म्हणजे कंडिशनल, आणि कार्ड दोन वर्षांचं. २४ महिने पूर्ण झाले असतील तर शर्त नाही, कार्ड दहा वर्षांचं. व्हिसावर सीआर-१ असला तरी अधिकारी शिक्क्यात आयआर-१ लिहू शकतो आणि लिहितो. नवीन व्हिसा लागत नाही, वकिलातीला पत्र लिहावं लागत नाही. जोडीदाराबरोबर आधीच्या लग्नाची मुलं सीआर-२ वर येत असतील तर त्यांनाही हाच हिशेब, कारण त्यांचा दर्जा याच लग्नावर उभा असतो.

फक्त हे आपोआप होईल असं धरून चालू नका. समोरचा अधिकारी रांग उरकत असतो आणि व्हिसावर छापलेलं बघून तेच उतरवतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पर्समध्ये ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. पासपोर्ट देतानाच सांगा की लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालीत, तेव्हा आयआर-१ म्हणून प्रवेश द्यावा. शिक्का पडला की काउंटर सोडण्याआधी तिथेच वाचा. अबू धाबीमार्गे जाणार असाल तर अमेरिकन तपासणी अबू धाबीच्या विमानतळावरच होते, न्यूयॉर्कला उतरल्यावर होत नाही. हे सगळं बोलणं तिथेच उरकायचं.

इतकं करूनही सीआर-१ पडलाच, तर विमानतळांवर ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’चं कार्यालय असतं. पासपोर्ट आणि प्रमाणपत्र घेऊन तिथे दुरुस्ती मागता येते. तेवढ्यात चुकीचं कार्ड छापून घरी आलं तर आय-९० हा कार्ड बदलून घेण्याचा अर्ज, ‘खात्याच्या चुकीमुळे दुरुस्ती’ या कारणाखाली. त्याला फी नसते, मूळ कार्ड मात्र परत पाठवावं लागतं. ‘दोन वर्षांनी बघू’ म्हणून हे ढकलू नका. कार्डावर जोवर सीआर आहे तोवर संगणक तुम्हाला सशर्तच समजणार.

आता ‘दोन वर्षं’ मोजायची कुठून? महाराष्ट्रातल्या जोडप्यांचा घोळ बहुतेक वेळा इथे होतो. नोंदणी प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, लग्न लागल्याची आणि नोंदणीची. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे वैदिक पद्धतीने लागलेलं लग्न सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. नोंदणी हा त्याचा पुरावा. त्यामुळे डिसेंबरात कार्यालयात लग्न लागलं आणि पालिकेत नोंदणी मार्चमध्ये झाली, तर मोजणी डिसेंबरपासून. उलट, पिटिशन लवकर दाखल करायचं म्हणून विशेष विवाह कायद्याखाली आधी कोर्ट मॅरेज केलं आणि मुहूर्ताचं लग्न आठ महिन्यांनी लागलं, तर कोर्ट मॅरेजची तारीख धरायची, पत्रिकेवर काहीही छापलेलं असो. आय-१३० मध्ये (जोडीदारासाठीचं पिटिशन) आणि डीएस-२६० मध्ये (व्हिसाचा अर्ज) जी तारीख दिली तीच प्रमाणपत्रावर असली पाहिजे. तीन कागदांवर तीन तारखा असल्या तर काउंटरवर आयआर-१ मागायला तोंड उरत नाही.

वाढदिवसाच्या दिवशीच उतरलं तर कायद्याने चालतं, कारण ‘२४ महिन्यांपेक्षा कमी’ ही अट तेव्हा लागू होत नाही. पण मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान त्याच तारखेच्या सकाळी अमेरिकेत पोचतं आणि तारीख धरली जाते ती प्रवेशाच्या ठिकाणची. दोन-तीन दिवस उलटू द्या. अधिकाऱ्याला बोटांवर महिने मोजायला लावण्यात हशील नाही.

दुसरा आक्षेप. थांबायचं म्हणजे किती, हे मूळ लेखात मी मोघम सोडलं होतं आणि तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. इमिग्रंट व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्याची मुदत बहुधा मेडिकलच्या तारखेला बांधलेली असते, मुलाखतीच्या नव्हे. उदाहरण घेऊ. लग्न १४ मे २०२४. मुंबईत मेडिकल २ फेब्रुवारी २०२६ ला, मुलाखत दहा दिवसांनी, व्हिसाची मुदत १ ऑगस्ट २०२६. दुसरा वाढदिवस आणि मुदत यांच्यात ७९ दिवस आहेत, त्यामुळे १६-१७ मेचं तिकीट काढायला हरकत नाही. याच जोडप्याचं लग्न २० जुलैचं असतं तर हातात बारा दिवस उरले असते. मी थांबा म्हणालो नसतो. सप्टेंबरचं असतं तर प्रश्नच मिटला, सीआर-१ वर जायचं.

छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचा संशय आला तर थुंकीच्या कल्चरला आठ आठवडे जातात आणि पुढे मेडिकल तीनच महिने ग्राह्य धरलं जाऊ शकतं. म्हणजे व्हिसाही तेवढाच. ‘सगळ्यांना सहा महिने मिळतात’ यावर तिकीट काढू नका, व्हिसावर छापलेली तारीख बघा. त्या तारखेपर्यंत तिथे पोचलेलं असावं लागतं, इथून निघून भागत नाही. मुदत टळली तर ती वाढवून मिळत नाही. बदली व्हिसा मागता येतो, पण उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे पटवून द्यावं लागतं, ३२५ डॉलर पुन्हा भरावे लागतात आणि मेडिकलही नव्याने करावं लागू शकतं. ‘आयआर-१ साठी थांबलो होतो’ हे हाताबाहेरचं कारण धरलं जात नाही.

आणि हो, हवा बदलते. मार्च २०२० मध्ये भारतातून आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, वकिलातींचं नेहमीचं कामकाज बंद पडलं. त्याच एप्रिलमध्ये नव्या इमिग्रंट व्हिसांवर बंदीचा हुकूम निघाला. नागरिकांच्या जोडीदारांना त्यातून सूट होती, पण सूट असून विमान नसेल तर उपयोग काय? म्हणून माझी मर्यादा आता स्पष्ट लिहितो: थांबणं दहा-बारा आठवड्यांच्या आत बसत असेल आणि वाढदिवसानंतर व्हिसाचा किमान महिना शिल्लक राहत असेल, तरच. यातली एक गोष्ट जरी जमत नसली तरी निघा.

खरं तर थांबायचंच असेल तर व्हिसा हाती येण्याआधी थांबणं जास्त शहाणपणाचं. केस एनव्हीसीकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे, असताना कागद चढवायला दोन महिने उशीर केला तर काही बिघडत नाही. सूचना आल्यापासून वर्षभर केसकडे अजिबात फिरकलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, पण तेवढं कुणी थांबत नाही. पोर्टलवर लॉग-इन करत राहिलं, एखादा कागद चढवला, की संपर्क धरला जातो. दुसऱ्या वाढदिवसानंतर मुलाखत झाली तर व्हिसाच आयआर-१ छापून येतो आणि काउंटरवरचा सगळा संवाद वाचतो. मेडिकल मात्र मुलाखतीच्या जवळच करा. उत्साहाच्या भरात ते आधी उरकलं की व्हिसाची मुदत तेवढी खाल्ली जाते.

खाली आणखी एका वाचकाने सुचवलंय की व्हिसावर एकदा जाऊन ‘लँडिंग’ करून परत यावं. त्याने शर्त टळत नाही, उलट पक्की होते, कारण पहिल्या प्रवेशालाच दर्जा ठरतो. आणि मधल्या काळात जुन्या टुरिस्ट व्हिसावर नवऱ्याला भेटून यायचा विचार असेल तर तो सोडा. कपाटात इमिग्रंट व्हिसा असताना ‘फिरायला आले’ हे काउंटरवर कुणी ऐकून घेणार नाही.

आता तिसरा मुद्दा, ज्यावर तुम्ही खरं चिडला आहात. हिशेब फक्त पैशाचा असता तर मी तुमच्या बाजूने असतो. शर्त काढण्याच्या आय-७५१ अर्जाची फी १ एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर आहे. तिथे नोकरी लागणार असेल तर तीन महिन्यांच्या पगारापुढे हा आकडा किरकोळ आहे. नागरिकत्वाचं घड्याळही प्रवेशाच्या दिवशीच सुरू होतं. नागरिक जोडीदाराबरोबर राहत असाल तर तीन वर्षांनी, आणि अर्ज त्याच्या ९० दिवस आधी. जितकं थांबाल तितकं तेही पुढे सरकतं. हे मूळ लेखात नव्हतं, असायला हवं होतं.

पण आय-७५१ म्हणजे काय ते बघा. कार्ड संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत हा अर्ज नवरा-बायको दोघांच्या सहीने जातो. सोबत एकत्र संसाराचे पुरावे: संयुक्त टॅक्स रिटर्न, घराचा करार, बँक, विमा. अर्ज गेला नाही तर दर्जा संपतो आणि प्रकरण इमिग्रेशन कोर्टाकडे जाऊ शकतं. नवीन देश, बँक खात्यावर नाव अजून चढलेलं नाही, घराचा करार एकट्या नवऱ्याच्या नावावर, आणि दोन वर्षांनी राहण्याचा हक्क त्याच्या एका सहीवर. संसार नीट चालला असेल तर ही सही म्हणजे औपचारिकता. बिनसला असेल तर तीच सही शस्त्र होते. घटस्फोट, छळ, अतिशय हालअपेष्टा अशा कारणांवर एकटीलाही अर्ज करता येतो, पण तेव्हा लग्न खरं होतं हे तिने एकटीने सिद्ध करायचं असतं, तेही बहुतेक कागद दुसऱ्याच्या ताब्यात असताना. आयआर-१ वर आलेल्या बाईला हे काहीच करावं लागत नाही. तीन महिने ताटकळण्याचा फायदा कुणाला जास्त, याचं उत्तर यात आहे. नवऱ्याने दिलेली आय-८६४ ची आर्थिक हमी दोन्ही प्रकारांत तीच राहते. तिचा यात काही संबंध नाही.

सीआर-१ वर गेलेल्यांनी घाबरून जाऊ नये, एवढंही सांगतो. अर्ज वेळेत गेला की पोचपावती आणि जुनं कार्ड मिळून दर्जा ४८ महिने पुढे चालतो. नोकरी, प्रवास सुरू राहतो. नागरिकत्वाचा अर्ज मध्ये आला तर आधी आय-७५१ चा निकाल लागतो, मग त्याचा.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो, कारण काही जणांना तो शर्तीपेक्षा महाग पडतो. ग्रीन कार्डाच्या दर्जाने पाय ठेवला त्या दिवसापासून अमेरिकन आयकर तुम्हाला रहिवासी मानतो. इथले म्युच्युअल फंड तिथे फार क्लिष्ट पद्धतीने करपात्र होतात, दर फंडाला वेगळा ८६२१ फॉर्म भरावा लागू शकतो. म्हणून बरेच जण निघण्याआधी ते विकून टाकतात. पण त्याच वर्षी जोडीने रिटर्न भरून पूर्ण वर्षाचा रहिवासी पर्याय निवडला, तर जानेवारीत विकलेल्या फंडाचा नफाही त्यात ओढला जातो. वाढदिवस डिसेंबरच्या शेवटी येत असेल तर विक्री डिसेंबरात आणि प्रवेश जानेवारीत, हे गणित मांडून बघा. बँका, पीपीएफ, एफडी मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेलं असेल तर परदेशी खात्यांची माहिती देणारा एफबार वेगळा. हे आकडे घेऊन दोन्ही देशांचं कळणाऱ्या सीएकडे जा, ब्लॉगवर सोडवू नका.

निघण्याआधी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, नाहीतर कार्ड छापलं जात नाही. तोवर शिक्का पडलेला व्हिसाच वर्षभर कार्डाचं काम करतो.

मूळ लेखातलं ‘वाढदिवस उलटल्यावरच जा’ हे वाक्य आज काढलं. त्या जागी आता असं आहे: ‘लग्नाची तारीख, मेडिकलची तारीख आणि व्हिसावरची शेवटची तारीख एका कागदावर लिहा, दहा-बारा आठवड्यांच्या आत, मागे महिनाभर राखून जमत असेल तर थांबा, नाहीतर सीआर-१ वर जा आणि आय-७५१ च्या ९० दिवसांची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका.’