बटण दाबून धरण्याआधी: प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, अडकलेला सर्व्हर कीबोर्डवरून ताब्यात घेण्याच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, जिनिंगच्या उबुंटू सर्व्हरवर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही सहा अक्षरं एकेक करून दाबली, तर पहिल्या तिनांनी काहीच झालं नाही. दुसरा, आपल्याकडे लाइन जातच असते, डिस्कला जर्नल (बदलांची आधीच टिपून ठेवलेली नोंद) असतं, मग पॉवरचं बटण सरळ दाबून धरलं तर काय बिघडतं?

पहिल्यात चूक माझी. उबुंटूत ही सोय अर्धीच उघडी असते, हे लेखात यायला हवं होतं. तिथे कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, कर्नल.सिसआरक्यू या सेटिंगचा मूळ आकडा १७६, म्हणजे १२८ + ३२ + १६: रीबूट, डिस्क फक्त वाचण्यापुरती करणं आणि सिंक, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवणं. म्हणून एस (सिंक), यू (डिस्क फक्त वाचण्यापुरती) आणि बी (रीबूट) चालतात. आर (कीबोर्ड परत ताब्यात घेणं), ई (चालू प्रोग्रामना, म्हणजे प्रोसेसना, बंद व्हायला सांगणं) आणि आय (त्यांना जबरीनं मारणं) गप्प बसतात. त्यात कीबोर्डचे ४, प्रोसेसना सिग्नल द्यायचे ६४ आणि पडद्यावर संदेश दिसायचे २ मिळवा: २४६. सिससीटीएल.डी फोल्डरात ९९ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल करून हा आकडा टाका, रीबूटनंतरही टिकेल.

दुसरा आक्षेप मला अजिबात मान्य नाही. जर्नल फाइलसिस्टिमचा सांगाडा वाचवतं, रॅममध्ये थांबलेला मजकूर नाही, आणि लिनक्स तो साधारण ३० सेकंद रॅममध्ये धरून ठेवतं. डेटाबेसने कमिट (पक्की) करून डिस्कवर उतरवलेली नोंद बहुधा राहते. वजनकाट्याच्या प्रोग्रामने साध्या फाइलमध्ये लिहिलेलं शेवटचं वजन मात्र जातं. ऐन हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकऱ्याच्या हातात पावती आणि मशीनमध्ये वजनच नाही, हा घोळ कोण निस्तरणार? लाइन जाते तेव्हा मध्ये यूपीएस असतो. बटण दाबता तेव्हा मध्ये कोणीच नसतं.

आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद झाला तर कर्नल जिवंत आहे. डिस्कचा दिवा सलग पेटलेला असेल तर बहुतेक रॅम संपून स्वॅपवर (रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या जागेवर) ओढाताण चाललेली असते; तेव्हा ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून नुसतं एफ. सगळ्यात जास्त रॅम खाणारी प्रोसेस कर्नल मारतं आणि पुष्कळदा रीबूट लागतच नाही. ती प्रोसेस डेटाबेसही असू शकते, हे धरून चाला.

तेवढ्याने भागलं नाही तर तसंच ९ (संदेश पडद्यावर दिसावेत म्हणून), आर, ई. ईनंतर ३० सेकंद थांबा, कारण डेटाबेसला आवरून बंद व्हायची संधी तिथेच मिळते. सहाही अक्षरं भराभर दाबली की ती हुकते. मग आय, मग एस. ‘इमर्जन्सी सिंक कम्प्लीट’ ही ओळ दिसली की यू, शेवटी बी. मिनिटभरात ओळ आलीच नाही तर डिस्क किंवा कंट्रोलर अडकलाय. तिथे तुमचं बटणच खरं.

त्याच फाइलमध्ये कर्नल.पॅनिकला १० द्या. एरवी पॅनिक झालेलं, म्हणजे कर्नलच गंभीर चुकीनं थांबलेलं मशीन कोणी येईपर्यंत थिजून राहतं. यानं ते १० सेकंदांत आपोआप रीबूट होतं. जिनिंग आर्णीला आणि जाणता माणूस यवतमाळला असेल, तर ही एक ओळ त्याची फेरी वाचवते.

आणि हे सगळं आजच, मशीन धड चालू असताना तपासा: ऑल्ट, प्रिंट स्क्रीन, एस दाबा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) सिंकची ओळ आली का बघा. नाही आली तर एफएन (Fn) कीही सोबत दाबून पाहा. तरीही नाही, तर साधा, पूर्ण आकाराचा कीबोर्ड सर्व्हरपाशी आणून ठेवा.