कानाचं मशीन आणि तुमच्या बाबांचा कान

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय, ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वस्तातलं कानाचं मशीन घ्या, असं सांगून तुम्ही म्हाताऱ्यांच्या कानांशी खेळताय. अमेरिकेतला नियम गोव्यात कशाला आणता?’

नियमाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे, माझं आधीचं लिहिणं अपुरं होतं. १७ ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत ही मशीनं दुकानात थेट मिळतात, एवढंच मी सांगितलं. पण ती सवलत फक्त १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे. शिवाय मशीनचा आवाज किती चढू द्यायचा याला तिथे कायद्याने मर्यादा आहे. आपल्याकडे ऑनलाइन हजार-दीड हजारांत जे मिळतं, ते बहुतेकदा नुसता आवाज वाढवणारा यंत्राचा तुकडा असतो. त्याला त्या नियमाचा आधार नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

फरक मला कळला तो डिचोलीच्या मामांमुळे. मामा देवळात भजनाला बसतात. भाच्यांनी हौसेनं असंच एक यंत्र आणून दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते काढून खिशात टाकलं. झांजा कानात खिळ्यासारख्या घुसत होत्या आणि अभंगाचे शब्द होते तसेच पुसट. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘त’ निसटतात. जाड आवाज मात्र ठीक ऐकू येतात. सगळंच सारखं वाढवलं की गोंगाट वाढतो, बोलणं उमगत नाही. खरं मशीन ज्या पट्टीत कान कमी पडतो तिथेच जोर देतं आणि ती पट्टी ऑडिओग्रामशिवाय, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं हे दाखवणाऱ्या तपासणीच्या आलेखाशिवाय, कळत नाही.

पण स्वस्त मशीनच्या बाजूने मी अजूनही उभा आहे. मामांना एका दुकानात आधी जो भाव सांगितला, तो ऐकून ते दोन वर्षं कोणाकडे फिरकलेच नाहीत. त्या दोन वर्षांत ते घरात गप्प गप्प झाले. हे नुकसान कोण मोजतं? म्हणून माझं म्हणणं असं, की तपासणी आणि खरेदी वेगळी ठेवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभागात कान दाखवा, ऑडिओग्रामचा कागद हातात घ्या, मग तो घेऊन चार ठिकाणी भाव विचारा. कधी कधी नुसता मळ निघतो आणि मशीन लागतच नाही.

आता तुमच्या बाबांचं. त्यांना एकाच कानाने कमी ऐकू येतं, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तिथे स्वस्त-महाग कुठलंच मशीन आधी नको. हे अचानक, एक-दोन दिवसांत झालं असेल, तर उपचाराचे पहिले काही दिवस फार मोलाचे असतात. हळूहळू झालं असलं तरी एकाच कानाचं कारण डॉक्टरांनी शोधायलाच हवं. चक्कर येते का, कान वाहतो का, कानात शिट्टी वाजते का, तेही बाबांना विचारा. उद्याच घेऊन जा त्यांना, आणि काय निघालं ते कळवा.