सगळं 'स्कॅन'मध्येच कोंबा!

चिपळूण घ्या, कुडाळ घ्या, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात डोकवा. डी ड्राइव्हवर एकच फोल्डर: 'स्कॅन'. आधार, सातबारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो, सगळं त्यातच. लाखभर फायली! जूनमध्ये दाखल्यांसाठी दारात रांग, बाहेर धो धो पाऊस, आणि आत फोल्डर उघडताना वर दिसणारी ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकतेय. वर सांगायचं काय, तर 'नेट स्लो आहे'. अरे मेल्यांनो, फोल्डर तुमच्याच डिस्कवर ना? नेटचा काय संबंध?

एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, लाख फायली जड नाहीत. नावं बी-ट्रीमध्ये, म्हणजे फांद्याफांद्यांच्या क्रमवार सूचीत लावलेली असतात, नेमकं नाव दिलं की फाईल लगेच मिळते. दम लागतो एक्सप्लोररला, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीला. फोल्डर 'पिक्चर्स' प्रकारचा ठरला की प्रत्येकाचं थंबनेल (छोटं चित्र) काढा, 'डेट टेकन'वर, म्हणजे फोटो काढल्याच्या तारखेवर लावायचं तर एकेक फाईल उघडून वाचा, त्यात अँटिव्हायरसची लुडबुड. उपाय सोपा: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, 'जनरल आयटम्स'. मग व्ह्यूमध्ये 'डिटेल्स'. एवढं करायला हात मोडतात का?

पेनड्राइव्हची तर शोभाच. तिथे बऱ्याचदा फॅट३२ ही फायली मांडायची जुनी व्यवस्था असते. तीत एका फोल्डरला नावं नोंदवायला ३२ बाइटचे फार तर ६५,५३६ खण. लांब नावाच्या दर १३ अक्षरांना एक खण, शिवाय छोट्या नावाचा एक. मराठी नावात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे 'सातबारा_अमुक_तमुक_फायनल_फायनल_फायनल२.pdf' असं ४० अक्षरांचं बारसं केलंत की पाच खण खलास, आणि १३ हजार फायलींच्या आसपास फोल्डर भरला! वीस जीबी मोकळे असूनही कॉपी होत नाही. मग गिऱ्हाइकाला सांगतात, 'पेनड्राइव्ह खराब, नवीन घ्या.' खराब काय कपाळ! शिवाय इथे बी-ट्री वगैरे नाही. नवी फाईल टाकताना तेच नाव आधी आहे का, हे पहिल्यापासून चाळावं लागतं, म्हणून दर फाईलगणिक वेग आणखी मरतो.

तेव्हा करा असं: वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात तारखेचा. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये सेव्हची जागा रोज सकाळी बदला, दहा सेकंदांचं काम. जुना ढीग माऊसने 'सिलेक्ट ऑल' करून ओढू नका, रोबोकॉपीने (विंडोजमधलीच फायली हलवायची कमांड) वर्षवार हलवा. आणि पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचाच असेल तर महिन्याची एक झिप करून टाका. फक्त ती ४ जीबीच्या आत ठेवा, नाहीतर फॅट३२ तीही घेणार नाही आणि पुन्हा शिव्या पेनड्राइव्हलाच.