‘काळ्या शेपटीच्या’ चिलटांबद्दल खुलासा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘काळ्या शेपटीची चिलटं ही नवी जात, चांगले मणी फोडते, लगेच फवारा मारा.’ तसं नाही. केळ्यावर घोंघावणाऱ्या नेहमीच्या चिलटाचा (ड्रोसोफिला मेलानोगास्टर) नरच असा असतो. भिंगाखाली पाहा: पोट मागे गोलसर, काळं, पुढच्या पायांवर काळ्या केसांचा बारीक कंगवा. मादी थोडी मोठी, टोकदार, पट्टेरी. नुकता निघालेला नर फिकाच असतो, म्हणून रंगापेक्षा कंगवा खात्रीचा. ही चिलटं तडकलेल्या, आंबलेल्या मण्यांवर येतात. धड साल कापून अंडी घालते ती ड्रोसोफिला सुझुकी या दुसऱ्या जातीच्या चिलटाची मादी. तिच्या नराच्या दोन्ही पंखांच्या टोकाशी काळा ठिपका असतो. मेसेजमधल्या फोटोत पंख स्वच्छ दिसतात! फवाऱ्याआधी सडके घड बागेबाहेर काढा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आलाय तिथे हा टाका.