रामांगवरील आक्षेपांना उत्तर

महोदय,

इंडोनेशियाचा फुटबॉल आघाडीपटू रामांग याच्यावरील माझ्या लेखाला आपण 'भाबडे भक्तिगान' म्हटले आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. पण 'लेखकाने कधी चेंडूला पाय लावला असेल असे वाटत नाही' हे वाक्य मतभेदात मोडत नाही, आणि टोपणनावाआडून ते लिहिताना थोडा संकोच वाटायला हरकत नव्हती. विषय काढलाच आहे तर सांगतो. उमेदीची वर्षे मी मुंबईच्या हारवूड लीगमध्ये एका कंपनीच्या संघाकडून बचाव फळीत खेळलो आहे. सामना संपत आलेला असतो, पावसाने मैदानाचा चिखल झालेला असतो, आणि ठेंगणा, चपळ आघाडीपटू पाठमोरा चेंडू घेतो. आपण उजवीकडे झुकतो तोवर तो डावीकडून निसटलेला असतो, आणि हाताला लागते ते फक्त त्याच्या जर्सीचे टोक. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यात ऐन क्षणी आपली जर्सी मागून ओढली गेली, ही रामांगची आठवण आपण 'ऐकीव गप्पा' म्हणून उडवून लावता. चित्रफितीचा पुरावा माझ्यापाशी नाही, हे मान्य. पण ती आठवण मला खरी का वाटते, ते बचावपटूला समजावून सांगावे लागत नाही.

आता आपले मुख्य वाक्य: 'पुढे 0-4 ने हरलेल्या संघाच्या एका गोलशून्य बरोबरीवर कुणाची थोरवी उभी राहत नाही, त्यापेक्षा आपल्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक पाहा.'

29 नोव्हेंबर 1956 रोजी ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत इंडोनेशियासमोर सोव्हिएत संघ होता आणि त्याच्या गोलजाळ्यापुढे लेव्ह याशिनसारखा नामांकित गोलरक्षक उभा होता. जादा वेळ धरून 120 मिनिटांत सोव्हिएत संघाला एकही गोल करता आला नाही. तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हते, म्हणून 1 डिसेंबरला पुनर्लढत झाली आणि तीत इंडोनेशिया 0-4 ने हरला. याच सोव्हिएत संघाने जर्मनीला 2-1, बल्गेरियाला जादा वेळेत 2-1 आणि अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला 1-0 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. म्हणजे त्या स्पर्धेत त्यांना पहिल्या लढतीत ज्याला हरवता आले नाही, असा संघ एकच होता. इंडोनेशियाचा गोलरक्षक मौलवी सैलान याचे त्यातले श्रेय मी लेखात दिलेच आहे, पण समोरच्या बचाव फळीला मागे अडकवून ठेवणारा रामांग पुढे नसता, तर सैलानवर किती हल्ले आले असते, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

आणि भारताचा आघाडीपटू नेव्हिल याचे म्हणाल, तर त्याच 1 डिसेंबरला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या तीन गोलांचा मला आपल्याइतकाच अभिमान आहे. परंतु भारत उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून 1-4 आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून 0-3 असा हरला, म्हणून नेव्हिलची थोरवी कमी झाली, असे आपण म्हणणार आहात काय? 'इंडोनेशिया न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला' हेही आपण हिणवून लिहिता. दक्षिण व्हिएतनामने माघार घेतली होती, हे खरे. पण भारतही हंगेरीच्या माघारीमुळेच तिथवर पोहोचला होता. मोजमाप लावायचे तर दोघांनाही एकच लावावे.

शिवाय थोरवी एका बरोबरीवर उभी आहे, असे मी कुठेही लिहिलेले नाही. वेताचा चेंडू पायाने उडवत ठेवण्याचा सेपाक रागा हा खेळ खेळून पाय तयार झालेला, पोटासाठी सायकलरिक्षा ओढणारा सुलावेसी बेटावरचा हा माणूस 1957 साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत चीनविरुद्ध जकार्तात दोन्ही गोल करतो आणि इंडोनेशिया 2-0 ने जिंकतो, हे लेखात तपशिलाने आले होते. पुढे इस्रायलविरुद्ध तटस्थ मैदानावर खेळू देण्याची मागणी फेटाळली गेल्याने इंडोनेशियाने माघार घेतली आणि 1958 च्या विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाली. त्यात रामांगचा काय दोष?

आपल्या उरलेल्या आक्षेपांत मला फारसे तथ्य दिसत नाही. रामांग जिथे गेला त्या मकासार शहराचे 1987 मध्ये अधिकृत नाव उजुंग पांडांग होते, ही आपली दुरुस्ती योग्य आहे आणि ती मी करतो. लाचेच्या आरोपावरून 1960 मध्ये रामांगवर बंदी आली, हे मी लपवलेले नव्हते. 1962 मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, हे मात्र आपण सोयीस्करपणे गाळले. फुप्फुसाच्या आजारावर नीट उपचार न परवडता तो 26 सप्टेंबर 1987 रोजी गेला, यालाही आपण 'रडगाणे' म्हणता. त्यावर मला काहीच बोलायचे नाही. त्या शहराच्या पीएसएम मकासार या फुटबॉल क्लबच्या संघाला आजही 'रामांगची फौज' म्हणतात. हे नाव मी ठेवलेले नाही, तिथल्या लोकांनी ठेवले आहे, तेव्हा त्याविषयीची तक्रार आपण त्यांच्याकडेच करावी.